बुजवलेलं दार

आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, ते त्यावरून कळतं. ते वजन त्याच्या खिशात कायम असायचं, जेवायला बसतानासुद्धा. माणूसही तसाच होता, उंच, काटक, ताठ. चालताना डुलायचा नाही की घाई करायचा नाही.

आम्ही बरीच वर्षं एकाच बांबूच्या परांचीवर उभे राहिलो. मी त्याच्यापेक्षा वयाने थोडा मोठा. जोराचं काम माझ्याकडे, नजरेचं त्याच्याकडे. केलेली भिंत त्याला पटली नाही तर तो हळूच ती उतरवायला लागायचा. मालक ओरडायचा, ठेकेदार ओरडायचा. हा दगड खाली ठेवत जायचा.

लग्न केलं नाही त्याने. एकदा एका घरी बोलणी करायला आम्ही चौघं गेलो होतो. मुलीकडची माणसं चांगली होती, मुलगीही चांगली होती. सगळं जमत आलं तेव्हा हा मुलीच्या बापाला म्हणाला, "तुमचा हा कोपरा काटकोनात नाही." बापाने तो कोपरा स्वतः बांधलेला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, तुला मुलगी बघायला आणलं होतं, कोपरा नाही." तो म्हणाला, "जिकडे बसवलं तिकडून कोपराच दिसत होता."

हसण्यासारखं एवढंच. बाकीचं सांगायचं म्हणजे आधी भिंत सांगावी लागेल.

आमच्याकडची जुनी घरं दगडाची. भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. बघणाऱ्याला वाटतं, याला काय होणार आहे. पण ती एक भिंत नसते. आतली एक आणि बाहेरची एक, अशा दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात. मध्ये माती, दगडाच्या चिपा, हाताला येईल ते कोंबलेलं. वर्षं जातात तशी ती भर खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. जमीन हलली की दोन्ही पाठी एकमेकींपासून सुटतात. एक घरात पडते, एक रस्त्यावर. वर मातीचं जड छप्पर असतं. ते कुणाची वाट बघत नाही.

डोंगरापलीकडे एका रात्रीत तीन वस्त्या अशा झोपल्या. त्यानंतर आमच्याकडे सरकारी कचेरीतून एक इंजिनियर बाई आल्या. घरं पाडायची नाहीत, आहेत तीच बळकट करायची, असं त्यांचं काम होतं. गवंडी गोळा केले. आम्ही लांब उभे राहून विड्या ओढत होतो. बाई म्हणाल्या, घराला पट्टा बांधायचा. कोणीतरी मागून म्हणालं, "का, पँट घसरते काय घराची?" सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी एक हातगाडी पुढे आणली. तिच्यावर वीतभर जाडीच्या दोन बुटक्या भिंती बांधलेल्या होत्या, अगदी आमच्या पद्धतीने, मातीत. एकीच्या आरपार जोड घातलेले होते आणि वरून पट्टा होता. दुसरी नुसती. बाईंनी आमच्यातल्याच दोघांना गाडी ओढायला लावली आणि वाटेत आडव्या टाकलेल्या लाकडावर आदळायला सांगितली. नुसती भिंत मधून उभी फाटली आणि दोन्हीकडे पडली. दुसरीची थोडी माती झडली.

कोणी हसलं नाही. ओळंबा पुढे गेला, पडलेल्या दगडांजवळ बसला आणि म्हणाला, "बाई, उद्या ही परत बांधून देतो. परत एकदा आदळा."

दुसऱ्या दिवशी परत आदळली. तशीच पडली. त्या दिवसापासून तो त्या कामाला लागला आणि त्याच्यामागे मी.

काम काय होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं भोक पाडलं आणि सिमेंट भरलं. भोक पाडायचंच नसतं. घण मारला तर जी भिंत वाचवायची तीच सैल होते. एक दगड निवडायचा. त्याच्या कडेची माती पहारीच्या टोकाने खरवडायची. मग तो दगड हलवत हलवत काढायचा, लहान पोराचा हलता दात काढावा तसा. मग भोकात हात घालायचा आणि आतली भर मुठीने बाहेर आणायची. खांद्यापर्यंत हात आत जातो. गाल भिंतीला चिकटतो. तोंडात, डोळ्यांत माती. पलीकडच्या बाजूने जोडीदार त्याच्याकडचा दगड काढतो. दोघांची बोटं मध्ये भेटली की वाट आरपार झाली. मग टोकं वळवलेली सळई आडवी ठेवायची आणि काँक्रीट ठासायचं, दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद. तो झाला जोड. दोन पाठी एकमेकींना धरतात. असा एक जोड म्हणजे दोन माणसांची अर्ध्या दिवसाची हाडं. खोलीला असे कितीतरी लागतात. नंतर खिडकीच्या वर चारी भिंतींना आतून-बाहेरून जाळी, सळया आणि गिलावा. तो पट्टा. तो चारी बाजूंनी फिरला पाहिजे. एका बाजूला तुटला तर तो पट्टा नाही, नुसती दोरी आहे.

आणि शेवटी पाणी. भरलेला माल आठवडाभर ओला ठेवावा लागतो. लोक यातच चुकारपणा करतात. ओळंबा म्हणायचा, "पाणी न मारलेला माल म्हणजे बिस्किट."

आता त्याचं घर.

बापाने बांधलेलं एक लांबट दगडी घर होतं. मध्ये एक आडवी भिंत, त्या भिंतीत एक दार. दाराच्या एका अंगाला थोरला भाऊ, त्याची बायको आणि आई. दुसऱ्या अंगाला ओळंबा. थोरला पाण्याच्या पंपावर ऑपरेटर होता, पाळीने काम. आम्ही सगळेच त्याला दादा म्हणायचो.

बाप गेला त्या दिवशी ओळंबा माझ्याबरोबरच कामावर होता. निरोप आला की बापाचं जास्त आहे, लगेच ये. आमच्यापुढे भिजवलेला माल होता आणि तुळईखालचा दगड अर्धा बसलेला. तो तसा सोडला असता तर वरची तुळई रात्रीत सरकली असती. त्याने दगड बसवला, माल संपवला, हात धुतले आणि गेला. तोवर बाप गेलेला होता. दारातच दादाने त्याला विचारलं, "माल वाया नाही ना गेला?"

ओळंबा काही बोलला नाही. बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. दगडाचं, तुळईचं सांगायला हवं होतं. पण त्याला ते सबब सांगितल्यासारखं वाटलं असेल.

महिन्याभरात दादाने मधलं दार बुजवलं. एका सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, उरलेल्या दगडांनी आणि चिखलात. पंपावरचा माणूस, त्याला गवंडीकाम काय येणार. जुन्या भिंतीत नवी भिंत गुंतवावी लागते, बाजूचे दगड काढून नव्याचे दगड त्यात अडकवावे लागतात. नाहीतर ते बूच नुसतं उभं राहतं, कशालाही न धरता. ओळंबा आपल्या अंगाला उभा राहून बघत होता. दगड चढत गेले तसा आतला उजेड कमी होत गेला. शेवटच्या फटीतून त्याने एवढंच म्हटलं, "दादा, बाजूला गुंतवत ये."

"तू मला शिकवू नकोस," दादा पलीकडून म्हणाला आणि फट बुजली.

ते बूच ओळंब्याच्या अंगाने आत गेलेलं दिसायचं. म्हणजे दुसरीकडे त्याचं पोट निघालेलं असणार. दुसऱ्यांच्या भिंती उतरवणारा हा माणूस, आणि रोज सकाळी डोळे उघडले की समोर ते. त्याने तिथे कपाट उभं केलं. मी म्हटलं, "कपाट का मध्येच?" म्हणाला, "वाकडं बघवत नाही."

आईला तो अंगणात भेटायचा. वहिनी तिला धरून उन्हात आणून बसवायची आणि धाकट्या दिराला खुणेने बोलवायची. वहिनी ठेंगणी, गोल, बडबडी. दादाच्या घरात बोलणं असायचं ते सगळं तिच्याच वाट्याचं. मग आई पडली, कमरेत मोडली आणि खाटेला खिळली. खाट त्या मधल्या भिंतीलाच लावलेली होती, एका टोकाला कोपऱ्यात. दुसऱ्या टोकाला वहिनीचा स्वयंपाकाचा ओटा आणि त्याच्याशेजारी अंगणात उघडणारं दार. खाट आणि ओटा यांच्या मधोमध बुजवलेलं दार. अंगणात यायचं आईचं बंद झालं, तसं ओळंब्याचं तिला बघणंही बंद झालं. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा तेवढाच.

त्या वर्षी बारीक धक्के सुरू झाले. कपबशा वाजायच्या, कुत्री उठायची. ओळंब्याने आपल्या अर्ध्या घराचं काम करायला घेतलं, सुट्टीच्या दिवशी, मला सोबत घेऊन. तीन भिंती झाल्या. चौथी मधली. तिचे जोड दोन्ही बाजूंनीच करता येतात आणि तिची दुसरी बाजू दादाच्या घरात होती. त्या भिंतीला टेकून आईची खाट.

त्याने निरोप पाठवला. दादाने नाही म्हटलं. इंजिनियर बाई स्वतः गेल्या. दादाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण त्याचा हात माझ्या घरात नको."

बाई परत येऊन पायरीवर बसल्या. "समजतंय त्यांना," म्हणाल्या. "समजतंय म्हणूनच अवघड आहे."

मग एका सकाळी वहिनीच अंगणात आली. दादा दिवसपाळीला गेलेला. मी आणि ओळंबा त्याच्या दारात बसलो होतो.

"भावजी, काल परत हललं. माझ्या कढईत माती पडली भिंतीतून."

"दादाला सांगा."

"सांगितलं. म्हणाले, झाकण ठेव." ती पदराने हात पुसत उभी राहिली. "त्यांच्या दिवसपाळीत करून टाका गुपचूप. माझ्या बाजूचे दगड मी काढते. शिकवा मला."

"वहिनी, पहार उचलेल का तुम्हाला?"

"मिस्त्री," ती माझ्याकडे वळली, "आमचे भावजी मला काय समजतात? भरलेली पाण्याची टाकी सरकवते मी रोज. हे नुसते ताठ. मी भरीव आहे."

मी हसलो. ओळंबा नाही हसला. तो भिंत मोजत होता, डोळ्यांनी.

"माझ्या ओट्यापासून सुरू करा," वहिनी म्हणाली. "दारापाशी पोट आलंय बघा केवढं."

"नाही. आधी आईच्या उशाशी. कोपऱ्यापासून दाराकडे येऊ. दारापाशी सगळं बूच काढून नवं भरावं लागेल, ते लपणार नाही. ते शेवटी." मग म्हणाला, "तुम्ही पळू शकता. आई पळू शकत नाही."

"ते खरं," ती म्हणाली. "मी पळेन."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याचं गणित बरोबर होतं. मलाही तेच सुचलं असतं, आणि बाईंना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी आईच्या उशाशी एक दगड धरला. वहिनीने तिच्या बाजूने खाट हातभर ओढून घेतली. ती पहार धरून खरवडायची आणि पलीकडून बडबडायची. "निघतोय. नाही निघत. मेला हलतोय, पण निघत नाही. निघाला!" दगड घमेल्यात पडल्याचा आवाज आला. ओळंब्याने आपल्या अंगाने भर काढली, खांदा भिंतीत घालून, गाल दगडाला लावून. एकदम तो थांबला. मला वाटलं हात अडकला. मी काँक्रीट कालवत होतो, ते सोडून जवळ गेलो.

पलीकडून आईचा आवाज आला. "कोण रे?"

"मी. धाकटा."

"हात मळलाय तुझा."

"काम चालू आहे, आई."

"जेवलास?"

"हो."

ती त्याची बोटं सोडत नव्हती. तो तसाच, गाल भिंतीला लावून, डोळे मिटून उभा राहिला. मी परत जाऊन काँक्रीट कालवायला लागलो. ते घट्ट व्हायला लागलं तरी त्याला हाक मारली नाही. तो माल मी नंतर फेकून दिला आणि दुसरा कालवला. भिजवलेला माल त्याने फेकू दिला, असं मी तेव्हा एकदाच बघितलं.

दादाच्या दिवसपाळ्यांत आम्ही असे काही जोड केले. कोपऱ्यापासून निघालो आणि खाटेची लांबी संपेपर्यंत आलो. आता दार जवळ आलं होतं. तेव्हा मी त्याला म्हटलं, "एक ऐक. त्या बाजूला पाणी मारू नकोस. ओल फुटेल. तो पंपावरचा माणूस आहे, त्याला ओल कळणार नाही का?"

"मग काय बिस्किट ठेवू आईच्या उशाशी?"

"दोन दिवस कमी मार."

"कमी मारायचं तर केलं कशाला?"

आणि वहिनी, ती तर त्याच्यावर कडी. शिकवलं होतं तसं गोणपाट लावायची, तांब्याने पाणी मारायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि दादा यायच्या आत गोणपाट काढून वरून चादर टांगायची. चादर भिजली. दादा रात्रपाळीहून येऊन आईजवळ बसला होता. आई म्हणाली, "भिंतीला घाम येतो रे हल्ली." दादाने चादर बाजूला केली आणि भिंतीवर तळवा ठेवला.

मी सामान घेऊन अंगणात आलो तेव्हा दोघं भाऊ समोरासमोर उभे होते. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच.

"माझ्या भिंतीला हात कोणी लावला?"

"भिंत दोघांची आहे, दादा."

"तुझी बाजू तुझी. माझी माझी. आणि हिला फितवलंस. माझ्या मागे, माझ्या घरात."

"मीच म्हटलं त्यांना," वहिनी दारातून म्हणाली.

"तू आत जा."

"दादा, खाटेपाशी झालंय. आता दारापाशी राहिलंय तेवढं करू दे. तिथेच जास्त वाईट आहे. मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी."

"बाप गेला तेव्हा तुला माल दिसत होता. आता तुला माझं दार दिसतंय." दादाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी बुजवलंय ते. ते तसंच राहील."

ओळंब्याने वाकून पहार उचलली आणि आपल्या घरात गेला. मी दादाला काही सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही यात पडू नका."

पुढचे कित्येक दिवस ओळंबा दुसऱ्यांची घरं बांधत राहिला. त्याच्याइतकं काम कोणी करत नव्हतं. कपाट मात्र त्याने दारासमोरून हलवलं. संध्याकाळी त्या बुचासमोर बसायचा. एकदा मी बघितलं, त्याने त्याच्या अंगाचे एक-दोन दगड बोटांनी चाचपले आणि हात मागे घेतला. एका बाजूने ढिलं केलं असतं तर ते दुसऱ्या बाजूला कोसळलं असतं.

मोठा धक्का आला तेव्हा आम्ही दवाखान्याच्या इमारतीवर होतो, भर दुपारी. आधी पाण्याच्या पिंपात लाटा उठल्या. मग परांची. मी खिडकीच्या चौकटीला मिठी मारली. दवाखान्याचा पट्टा पुरा झालेला होता, ती इमारत हुंदका द्यावा तशी हलली आणि उभी राहिली. आतून सगळे चालत बाहेर आले. मी ओळंब्याकडे बघितलं तर तो खाली उतरलेला होता आणि धावत होता. त्याला धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा घर उभं होतं. बाहेरून बघून माझा जीव भांड्यात पडला. अंगणात शेजारची बाई बसकण मारून बसली होती. "बाहेर आल्या होत्या हो," ती म्हणत होती, "मी इथेच होते, माझ्याजवळ आल्या होत्या. मग 'आई' म्हणाल्या आणि परत आत पळाल्या."

आत धुळीने काही दिसत नव्हतं. धूळ बसली तशी आधी खाट दिसली. खाटेवर आई, तोंडावर माती, डोळे उघडे, धडधाकट. तिच्या उशाशी भिंत जशीच्या तशी. शेवटच्या जोडापर्यंत एक चीर नव्हती. जिथे जोड संपले तिथून भिंत फाटली होती, आणि दार होतं तिथे दार झालं होतं. पूर्ण उघडं. पलीकडे ओळंब्याचं कपाट दिसत होतं. ते सगळं बूच एकाच तुकड्यात दादाच्या अंगाला पडलं होतं, ओट्याकडून खाटेकडे जायच्या वाटेवर.

ओळंब्याने मला पहार घेऊ दिली नाही. "हाताने," म्हणाला. आम्ही एकेक दगड हाताने काढला. भिंतीतून काढतो तसा, हलवत, सांभाळून. आता सांभाळण्यात काही अर्थ नाही, हे दोघांनाही दुसऱ्याच दगडाला कळलं होतं. तरी तसाच काढला. वहिनीचा एक हात खाटेच्या पायापर्यंत पोचलेला होता.

आई विचारत होती, "काय पडलं रे? भांडी पडली का?"

दादा संध्याकाळी आला. मोठी जलवाहिनी फुटली होती. पंप तसेच सोडले असते तर खालची वस्ती बुडाली असती. सगळे व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद करावे लागतात, त्याला वेळ लागतो. निरोप त्याला दुपारीच मिळाला होता. तो आला तेव्हा वहिनीला अंगणात चादरीखाली ठेवलं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते.

ओळंबा दादाच्या दारात उभा होता. दादा त्याच्यासमोर येऊन थांबला. मी बाजूलाच होतो. त्या वेळी ओळंब्याकडे बोलायला एक वाक्य होतं. त्याच्या भावाने त्याला शिकवलेलं वाक्य, फक्त मालाच्या जागी पाणी घालायचं. दादालाही ते ठाऊक होतं. तो वाट बघत होता, मान खाली घालून, मार खायला उभं राहावं तसा.

ओळंबा बाजूला झाला. "ये," म्हणाला. बस्स.

पुढे काही दिवसांनी दादा म्हणाला, "बांध ती भिंत."

"दार ठेवतो."

"तुला काय करायचं ते कर."

आम्ही ते दार नीट केलं. बाजूचे दगड गुंतवले, वर तुळई घातली, दोन्ही अंगांनी पट्टा फिरवला. या वेळी पाणी दोघं भाऊ मारायचे, आपापल्या बाजूने. आई खाटेवरून विचारायची, "सूनबाई कुठे आहे?" दादा म्हणायचा, बाहेर गेली आहे. ओळंबा म्हणायचा, येईल. आई पुढे बरंच जगली. रोज विचारायची आणि रोज दोघं तेच सांगायचे.

त्यानंतर ओळंब्याची काम करायची रीत बदलली. कोणाच्याही घरात गेला की आधी विचारायचा, इथे झोपून कोण असतं? मग विचारायचा, त्यांच्याकडे धावत कोण जाईल? आणि कुठून? लोकांना वाटायचं म्हातारा काहीतरी विचारतोय. तो मग जमिनीवर खडूने ती वाट ओढायचा आणि त्या वाटेवरच्या भिंतीपासून काम सुरू करायचा. बाईंना त्याने एकदाच सांगितलं, "खाट सांभाळून भागत नाही." त्यांनी पुढे सगळ्यांना तसंच करायला लावलं.

आता आम्ही दोघंही काम करत नाही. त्याचा खांदा गेला, माझे गुडघे. अधूनमधून मी त्याच्याकडे जाऊन बसतो. ते दार तसंच आहे, फळी न लावलेलं, उघडं. त्यातून मी कोणाला जाताना बघितलेलं नाही. दोघं म्हातारे आपापल्या अंगाला असतात.

परवा मी तिथे असतानाच जमीन हलली, थोडीच. कपबशा वाजल्या. ओळंबा आणि मी त्याच्या दाराने बाहेर आलो, दादा त्याच्या दाराने. तिघं अंगणात उभे राहिलो. दादा वळून आपल्या घराकडे बघत राहिला. ओळंबाही तिकडेच बघत होता, दादाच्या उघड्या दारातून खाटेच्या जागेकडे. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. आत कोणी नव्हतं, ज्याच्यासाठी परत पळावं.

ओळंब्याने खिशातून दोरी काढली, भिंतीला लावली आणि वजन हलायचं थांबेपर्यंत धरून उभा राहिला. भिंत सरळ होती.